मधल्या वर्गाचा पंख : पॅराग्लायडरच्या परीक्षेचा इतिहास

उड्डाणाच्या इतिहासाची चर्चा मराठीत बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन अडते : पहिला कोण? शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले की नाही, यावर आपल्याकडे लेख लिहिले गेले, वाद झडले, हिंदीत चित्रपटही निघाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमानांची वर्णने तपासली आणि अशी विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तरीही वाद मिटला नाही. ‘पहिला कोण’ हा अभिमानाचा प्रश्न आहे, आणि अभिमानाला गणित पुरे पडत नाही.

प्रस्तुत लेखातला प्रश्न जरा निराळा आहे. उडणारी वस्तू हवेत बिघडली तर ती नेमकी कशी वागते, हे मोजून लिहून ठेवायला माणसाने केव्हा आणि का सुरुवात केली? या प्रश्नाचा माग काढायला पॅराग्लायडरसारखे दुसरे साधन नाही. एक म्हणजे त्याचा सगळा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच आहे. दुसरे म्हणजे त्याच्या पंखाला धातूची किंवा लाकडाची चौकटच नसते. कापड, दोऱ्या आणि आत कोंडलेली हवा, एवढ्यावर तो उभा राहतो. विमानाचा पंख हवेत घडी होऊन मिटला तर तो अपघात ठरतो. पॅराग्लायडरचा पंख मिटणे ही त्याच्या स्वभावातच असलेली गोष्ट आहे. मिटल्यानंतर तो काय करतो, यावर सगळे अवलंबून.

या पंखांच्या बाजारात एक मधला वर्ग आहे. इंग्रजी जाहिराती त्याला ‘स्पोर्टी इंटरमीजिएट’ म्हणतात. शिकाऊ माणसाच्या पंखाहून तो चपळ, स्पर्धेच्या पंखाहून सोशिक. शिकाऊ पंख शाळेसाठी असतो, स्पर्धेचा पंख मोजक्या लोकांसाठी. शिक्षण संपवून, नोकरीधंदा सांभाळून वर्षाकाठी काही दिवस उडणाऱ्या माणसाचे मन बसते ते या मधल्या पंखावर. पॅराग्लायडिंगच्या इतिहासात जे काही शिकले गेले ते या वर्गात एकत्र आलेले दिसते, आणि जे अजून शिकायचे राहिले तेही.

पतंगापासून

आमच्या नाशिक जिल्ह्यात येवल्याची संक्रांत प्रसिद्ध आहे. भोगी, संक्रांत आणि कर म्हणजे किंक्रांत असे तीन दिवस गावच्या गाव गच्चीवर असते. येवल्यात पतंग उडवणाऱ्या मुलाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. पतंगाला बांधलेल्या दोऱ्याच्या त्रिकोणात, ज्याला आपल्याकडे मंगळसूत्र म्हणतात, वरचा दोरा थोडा आखूड केला की पतंगाचे डोके वाऱ्याकडे झुकते आणि ओढ कमी होते. खालचा आखूड केला की पतंग छाती काढून वाऱ्याला अडतो आणि हाताला जोरात खेचतो. कापड किंवा कागद वाऱ्याला किती कोनात सामोरा जातो, यावर त्याचे सगळे वागणे ठरते. पॅराग्लायडरचे निम्मे शास्त्र या मंगळसूत्रात आहे.

ही नुसती उपमा नव्हे. कापडी पंखाचे दोन्ही मुख्य शोधक पतंगाच्याच वाटेने आले. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाचा एक पतंग बनवला. त्याला कामट्या नव्हत्या; वारा आणि दोऱ्या यांच्या ताणावरच त्याला आकार येई. त्याचे पेटंट १९५१ मध्ये मिळाले. अंतराळातून परतणारे यान अलगद उतरवण्यासाठी नासाने या पंखाचे प्रयोग केले आणि शेवटी साधे पॅराशूटच पत्करले. रोगॅलोंचा पंख मात्र १९७० च्या दशकात हँगग्लायडर होऊन डोंगरावर आला.

दुसरे शोधक डोमिना जाल्बेर. जन्म कॅनडातील क्वेबेकचा, काम अमेरिकेत, आणि धंदा पतंग व फुगे बनवण्याचा. १९६४ मध्ये त्यांनी एका नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९६६ मध्ये मिळाले. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये पंखाच्या आकारात कापलेल्या उभ्या कापडी भिंती, आणि पुढची कड उघडी. पुढून वारा आत शिरतो, खणाखणांत कोंडतो आणि त्या दाबाने कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. आजचा प्रत्येक पॅराग्लायडर, तो शिकाऊ असो वा स्पर्धेचा, या एका कल्पनेवर उडतो.

१९६४ हे साल नाशिककरांच्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा विभाग नाशिकजवळ ओझरला स्थापन झाला. मिग-२१ चा पंख छोटा, त्रिकोणी आणि अत्यंत वेगासाठी घडवलेला. उतरतानाही ते विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावत असे. त्याच वर्षी कागदावर आलेला जाल्बेर यांचा पंख आज ताशी ३६ ते ३८ किलोमीटर वेगाने उडतो आणि पिशवीत घालून पाठीवर नेता येतो. ही दोन यंत्रे शेजारी ठेवली की एक सत्य ठसते : पंख चांगला की वाईट, असे नुसते म्हणता येत नाही, कशासाठी आणि कुणासाठी, हे आधी सांगावे लागते.

मियूसीचा उतार

जाल्बेर यांचा पंख आधी विमानातून उडी मारणाऱ्यांनी उचलला. गोल पॅराशूट फक्त खाली येते. हा चौकोनी पंख पुढेही सरकत असे. डेव्हिड बॅरिश या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्येच आपला वेगळा, एकपदरी कापडाचा पंख घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या बर्फावर घसरण्याच्या उतारांवरून उड्डाणे केली होती. पण त्यातून खेळ उभा राहिला नाही.

तो उभा राहिला फ्रान्समध्ये. ओत-साव्वा प्रांतातील मियूसी या गावी २५ जून १९७८ रोजी ज्याँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसों हे तीन पॅराशूटवाले डोंगरावर चढले. त्यांचा हेतू फार काटकसरी होता. नेमक्या जागी उतरण्याचा सराव करायला दर वेळी विमानाचे भाडे परवडत नव्हते. पंख उतारावर पसरायचा, धावत सुटायचे आणि वाऱ्याने तो भरून घ्यायचा, असा विचार त्यांनी केला. बोन सुमारे हजार मीटर खालच्या फुटबॉलच्या मैदानापर्यंत पोहोचले. उतार या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून या खेळाला पारापांत हे नाव पडले.

तेव्हाचे पंख एक मीटर खाली येताना जेमतेम तीन मीटर पुढे जात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्वित्झर्लंडमधील लोरां द काल्बरमातेन यांच्यासारख्या कारागिरांनी हवा न झिरपणारे कापड आणि बारीक दोऱ्या वापरून केवळ डोंगरावरून उडण्यासाठी पंख शिवायला सुरुवात केली. पॅराशूटला उघडतानाचा जबर धक्का सोसावा लागतो. डोंगरावरून निघणाऱ्या पंखाला तो नसतो, म्हणून तो हलका करता आला. पंख लांब आणि निमुळते होऊ लागले. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातील कॉसेन येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. अकरा वर्षांत उतारावरच्या सरावाचा जागतिक खेळ झाला होता.

आकडे काय सांगतात

पॅराग्लायडरची कामगिरी सांगणारे आकडे मुख्यतः तीन. एक मीटर उतरताना किती मीटर पुढे जातो, म्हणजे ग्लाइड रेशो. दर सेकंदाला किती खाली येतो. आणि वेग. आजचा शिकाऊ पंख एकास आठ-नऊ, मधल्या वर्गातला एकास नऊ-दहा किंवा थोडा अधिक, आणि स्पर्धेचा एकास अकराच्या पुढे जातो. शांत हवेत बहुतेक सगळे सेकंदाला एक मीटर किंवा किंचित अधिक खाली येतात.

आता हिशेब करू. ३०० मीटर उंच डोंगरावरून १९७८ चा पंख ९०० मीटर जाईल, एकास नऊचा २७०० मीटर, एकास दहाचा ३००० मीटर. पहिल्या झेपेत तिप्पट फरक पडला. पुढच्या झेपेत, जिच्यासाठी पायलट नवा पंख घेतो, फरक ३०० मीटरचा. एक चांगला उष्ण हवेचा स्तंभ, ज्याला सगळे थर्मल म्हणतात, सापडला तर यापेक्षा कितीतरी अधिक उंची फुकट मिळते. २००२ मध्ये टेक्साससारख्या सपाट प्रदेशातून ४२३ किलोमीटरचे उड्डाण झाले आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ५०० किलोमीटरची मजल ओलांडली गेली. नुसत्या सरकण्याच्या जोरावर असली अंतरे कापता येत नाहीत. हवा वाचता यावी लागते.

हवा वाचण्याचे शास्त्र भारतात फार आधी सुरू झाले होते. अर्नेस्ट हँकिन हे आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, या त्यांच्या १८९६ च्या निरीक्षणामुळे ते वैद्यकाच्या इतिहासात ओळखले जातात. याच माणसाने वर्षानुवर्षे घारी आणि गिधाडांचे घिरट्या घालणे टिपून ठेवले आणि १९१३ मध्ये प्राण्यांच्या उड्डाणावर इंग्रजीत पुस्तक काढले. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मोलाची आहे. सकाळी ऊन चढू लागले की आधी घारी घिरट्या घालू लागतात, जड गिधाडे नंतर. पंखाच्या दर चौरस मीटरवर जितके वजन अधिक, तितकी जोरकस हवा वर चढावी लागते.

पॅराग्लायडरचा पंख आणि माणूस यांचा हिशेब केला तर दर चौरस मीटरला साधारण चार किलो वजन येते. हे घारीच्या जवळपास आहे, गिधाडाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून घारीबरोबर उठता येते. पण कॉलिन पेनिक्विक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत मोटर-ग्लायडरने गिधाडांचा पाठलाग करून केलेल्या मोजणीत गिधाडाचा ग्लाइड रेशो एकास पंधराच्या घरात निघाला. म्हणजे अंजनेरीच्या कड्यावरचे गिधाड आपल्या उत्तमातल्या उत्तम कापडी पंखालाही मागे टाकते. त्याहून मोठा फरक असा की वाऱ्याचा झोत आला तर गिधाड पंख आवळते आणि परत पसरते. त्याला हाडे आणि स्नायू आहेत. आपला पंख आवळला जातो तो आपल्या इच्छेविरुद्ध.

अक्षरांची परीक्षा

१९८० च्या दशकाअखेर पंख झपाट्याने लांब आणि अरुंद होत गेले. लांबी-रुंदीचे हे गुणोत्तर, ज्याला आस्पेक्ट रेशो म्हणतात, वाढले की टोकांपाशी वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि पंख दूर जातो. पण लांब पंखाचा एक भाग मिटला की तो गरकन वळतो, टोक दोऱ्यांत अडकू शकते, आणि परत भरायला वेळ लागतो. कारखानदार स्वतःच्या पंखाबद्दल काय सांगतो यावर विसंबून चालेना. मग फ्रान्समध्ये आणि जर्मनीत परीक्षा सुरू झाल्या. फ्रेंच पद्धतीत साधा, कामगिरीचा आणि स्पर्धेचा असे वर्ग होते. जर्मन संघटना डीएचव्ही १, १-२, २, २-३, ३ असे आकडे देत असे. एकाच पंखाला दोन देशांत दोन ओळखी. २००५ पासून युरोपीय मानक ईएन ९२६ च्या दुसऱ्या भागाने ए, बी, सी, डी ही चार अक्षरे आणली आणि जगभर तीच भाषा झाली. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या परदेशी पंखावरही हेच अक्षर छापलेले असते.

परीक्षा दोन प्रकारची. पहिली ताकदीची : वाहनाने ओढून पंखावर त्याच्या कमाल परवानगीच्या वजनाच्या आठपट भार टाकला जातो. दुसरी वागण्याची. परीक्षक पायलट, बहुधा तळ्यावर, शांत हवेत, मुद्दाम दोऱ्या ओढून पंखाचा पुढचा भाग मिटवतो, एक बाजू निम्मी आणि मग पाऊण मिटवतो, तेच पुन्हा पूर्ण वेगात करतो, पंख स्टॉल करतो, गिरकीत घालतो. दर वेळी मोजले जाते : पंख आपणहून भरला का, किती अंश वळला, किती पुढे झेपावला, पायलटला काही करावे लागले का. अशा वीसेक कसोट्या परवानगीच्या किमान आणि कमाल वजनाला घेतल्या जातात. आणि शेवटचे अक्षर सरासरीने मिळत नाही. एकोणीस कसोट्यांत ए मिळाले आणि एकीत सी, तर पंख सी.

शाळेतल्या गुणपत्रिकेची सवय असलेल्या आपल्या मनाला हा नियम विचित्र वाटेल. पण या सगळ्या इतिहासात मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पंखाची किंमत त्याच्या सर्वांत वाईट क्षणावरून ठरवायची, असे तो सांगतो. ‘पहिला कोण’ या प्रश्नावर पोसलेल्या उड्डाणाच्या इतिहासात हा बदल शांतपणे झाला. त्याचा कुठे पुतळा नाही.

मधला पंख कसा उडतो

आता मधल्या वर्गाकडे येऊ. स्पोर्टी इंटरमीजिएट म्हणजे साधारणपणे बी वर्गाचा वरचा थर आणि सी वर्ग. बी वर्गात पायलट मंडळी ‘लो बी’ आणि ‘हाय बी’ असा फरक करतात, पण तो मानकात कुठेही नाही; बाजारात रूढ झालेली बोली आहे. आस्पेक्ट रेशो शिकाऊ पंखाचा पाचाच्या आत-बाहेर, तर याचा साडेपाच ते सहाच्या आसपास. खण अधिक, म्हणून कापडाचा आकार जास्त नितळ. दोऱ्या कमी आणि बारीक, कारण शेकडो मीटर दोरीचा हवेतला अडथळा पंखाइतकाच महाग पडतो.

हाताला जाणवणारा फरक आकड्यांहून मोठा असतो. शिकाऊ पंख ब्रेक ओढल्यावर जरा विचार करून वळतो. हा लगेच वळतो. हार्नेसमध्ये एका कुल्ल्यावर भार दिला की तो त्या बाजूला कलतो. थर्मलच्या कडेला शिरताना कोणती बाजू उचलली जाते आहे हे रायझरमधून थेट कळते, आणि तेवढ्यावरून पायलट वळण आवळतो. अनुभवी माणसाला हा संवाद हवा असतो. नवख्याला तोच संवाद गोंगाट वाटतो आणि तो हात घट्ट धरून बसतो. पंख डोक्याच्या पुढे झेपावला की ब्रेक ओढून त्याला अडवायचे, मागे राहिला की हात सोडायचे; ही सततची जागरूक हाताळणी या पंखाला लागते आणि शिकाऊ पंख ती बरीचशी माफ करतो.

खरी गोम वेगात आहे. पायाने दाबायची एक पट्टी असते, स्पीड बार. ती दाबली की पुढच्या दोऱ्या आखूड होतात आणि पंखाचे नाक खाली झुकते. येवल्याच्या मुलाने मंगळसूत्राचा वरचा दोरा आखूड करावा तसेच. वेग ताशी ३८ वरून पन्नाशीकडे जातो. हा वेग चैनीसाठी नाही. समोरून ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर ३८ चा पंख जमिनीच्या हिशेबाने ताशी फक्त ८ किलोमीटर पुढे सरकेल. पट्टी दाबून ४८ केले तर १८. कड्यावर वारा वाढला आणि मागे ढकलले जाण्याची भीती असली, तर हाच फरक घरी पोहोचवतो. कड्याच्या मागे हवा भोवऱ्यासारखी खाली आदळते, तिथे जाऊन पडण्यासारखे दुसरे संकट नाही.

पण नाक खाली झुकलेला पंख मिटण्याच्या अधिक जवळ असतो, आणि वेगात मिटला तर अधिक जोराने वळतो. म्हणजे जेव्हा वेग सर्वांत जास्त हवा, नेमकी तेव्हाच हवा सर्वांत खवळलेली असते आणि पट्टी दाबणे सर्वांत धोक्याचे. गेल्या दोन दशकांतली या वर्गाची प्रगती या कोंडीतून वाट काढण्याची आहे. पुढच्या कडेला लवचीक प्लास्टिकच्या काड्या आल्या. हवेची तोंडे थोडी मागे व खाली नेऊन वर चोचीसारखा आकार दिला गेला. त्याला शार्क नोज म्हणतात, आणि त्यामुळे कोन बदलला तरी आतला दाब टिकतो. स्पर्धेच्या पंखांत २००९ च्या सुमारास दोऱ्यांच्या दोनच रांगा ठेवण्याची कल्पना यशस्वी झाली. तीही अलीकडे सी वर्गापर्यंत उतरली. जाहिरातीत कमाल वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. जाणकार विचारतात ते वेगळेच : त्या वेगात किती वेळ निर्धास्त राहता येते?

अक्षर जिथे संपते

जुलै २०११ मध्ये स्पेनमधील पिएद्राइता येथे जागतिक स्पर्धा सुरू असताना दोन पायलट मृत्यू पावले. स्पर्धा थांबवण्यात आली. तोपर्यंत सर्वोच्च स्पर्धांत अक्षर नसलेले, खास बनवलेले पंख चालत. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना बाजूला सारून प्रमाणित पंखांचीच अट घातली आणि पुढे स्पर्धेच्या पंखांसाठी स्वतंत्र नियम केले. जगातल्या सर्वांत कुशल पायलटांनाही परीक्षेच्या चौकटीत यावे लागले.

उलट बाजूचे उदाहरण २००७ चे. ऑस्ट्रेलियातील मनिला येथे एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला वादळी ढगाने ओढून घेतले. ती ९९०० मीटरच्या वर, एव्हरेस्टच्याही वर, बर्फाच्या थरात बेशुद्ध होऊन गेली आणि जिवंत परतली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट परतला नाही. तिथे कोणत्याही अक्षराचा उपयोग नव्हता. सकाळी आकाश पाहून जमिनीवर राहणे एवढाच उपाय होता.

या दोन घटना एकत्र वाचल्या की अक्षराची हद्द कळते. ते शांत हवेत, निष्णात माणसाच्या हाताखाली, नव्या कोऱ्या पंखाला मिळालेले असते. यातली एकही अट सह्याद्रीत आपोआप पूर्ण होत नाही.

सह्याद्रीतला हिशेब

महाराष्ट्रात या खेळाची मुख्य ठाणी कामशेत आणि पाचगणी-वाईचा परिसर. पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो आणि मेअखेर संपतो. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर. माथा सपाट, कडा सरळ तुटलेला. दरीतून येणारा वारा अशा कड्यावर छान उचलला जातो, आणि सपाट माथ्यावर मागे तितकाच वाईट फिरतो. हिवाळ्यात हवा मऊ असते. मार्चनंतर काळा बेसाल्ट तापतो, थर्मल अरुंद आणि तीव्र होतात, आणि पश्चिमेचा वारा जोर धरतो. आल्प्समधल्या तळ्यावर सकाळी मिळालेले अक्षर घेऊन पायलट एप्रिलच्या दुपारी इथे उभा असतो.

पंखही नवा असतोच असे नाही. मधल्या वर्गाचे पंख महाग, त्यामुळे वापरलेले बरेच फिरतात. उन्हातले अतिनील किरण नायलॉन कापड खातात. कापडातून हवा झिरपू लागते. त्याहून लबाड गोष्ट दोऱ्यांची. डायनीमाच्या दोऱ्या ओल-दमट हवेने आणि कमी ताणाने आखूड होतात. पुढच्या रांगांवर वजन अधिक असते म्हणून त्या ताणलेल्या राहतात, मागच्या आटतात. एका-दोन सेंटिमीटरचा फरक, पण परिणाम पतंगाचा खालचा दोरा आखूड केल्यासारखा : पंख संथ होतो, स्टॉलच्या जवळ सरकतो. वरचे अक्षर तेच राहते. खालचा पंख मात्र ज्याला ते अक्षर मिळाले तो उरत नाही. दोऱ्यांची लांबी आणि कापडाची हवा धरण्याची क्षमता ठरावीक मुदतीने मोजून घ्यावी असे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असते, ते यासाठी.

वजनाचेही तसेच. प्रत्येक मापाचा पंख स्वतंत्र परीक्षा देतो आणि त्याला वजनाची हद्द असते. त्यात माणूस, हार्नेस, पंख, पाणी, सगळे धरायचे. हँकिन यांच्या घारी-गिधाडांचा नियम इथे लागू होतो. हद्दीच्या तळाशी उडणारा सहज उठतो, पण पंख सैल राहतो आणि लवकर मिटतो. हद्दीच्या वर उडणाऱ्याचा पंख ताठ आणि वेगवान, पण मिटला की वागणे तिखट. जो पंख ८० किलोला शहाणा, तोच १०० किलोला वेगळा प्राणी असू शकतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि केंद्राने २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण. कागदावर नोंदणी, प्रशिक्षण, विमा यांची चौकट आली, हे चांगलेच झाले. पण पर्यटक म्हणून दहा मिनिटांच्या उड्डाणाला पैसे देणारा माणूस फोटोचा दर विचारतो. डोक्यावरचा दुहेरी पंख शेवटचा कधी तपासला, हे विचारत नाही. विचारावे असे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

आणि हे सांगणारे जे काही आहे ते इंग्रजी, जर्मन, फ्रेंच भाषांत आहे. कामशेतच्या आसपासच्या गावांतली मुले पंख आवरण्यापासून सुरुवात करून या धंद्यात आली, काही पायलट झाली. ज्या पुस्तिकेवर त्यांचा आणि त्यांच्यामागे बांधलेल्या अनोळखी माणसाचा जीव अवलंबून आहे, ती त्यांच्या भाषेत नाही. येवल्याच्या गच्चीवर हवेचे जे ज्ञान बोलीतून बापाकडून मुलाकडे जाते, ते या खेळात अजून मराठीत उतरलेले नाही. त्यासाठी संशोधन संस्था लागत नाही. एक वही लागते, जिच्यात प्रत्येक पंखाचे माप, वर्ग, वजनाची हद्द, तपासणीची तारीख आणि तो हवेत केव्हा, कोणत्या वाऱ्यात, कसा मिटला याची नोंद मराठीत होईल, आणि जी हंगामाअखेर सगळ्यांसमोर उघडून वाचली जाईल. मियूसीनंतर युरोपने जे केले ते मुळात एवढेच होते.